दहिवले डॉक्टर आणि डोमाजींचा घट्टा

आमच्या शेजारचे दहिवले डॉक्टर कोणालाही भेटले की नमस्कार करत नाहीत, हातही मिळवत नाहीत. ते थेट समोरच्याच्या डोक्यावर हात ठेवतात. पंजा पूर्ण उघडून, बोटं केसांत घालून ते कपाळापासून सुरुवात करतात, टाळूवरून मागे मानेपर्यंत जातात आणि दोन्ही कानांच्या वरून पुन्हा पुढे येतात. हे चालू असताना तोंडानं "काय म्हणते तब्येत? पोरं कशी हायेत?" असंही चालू असतं. उत्तर ते ऐकत नाहीत. त्यांचं सगळं लक्ष बोटांत असतं.

नव्या माणसाला हा आशीर्वाद वाटतो. गडचिरोलीकडून आलेल्या म्हाताऱ्या बाया तर लगेच वाकून पायाला हात लावतात. मग डॉक्टर दोन पावलं मागे सरकतात. "उठा बाई, उठा. मी देव नोहो. मी कवटीवाला हावो."

कवटीवाला हा त्यांचा स्वतःचा शब्द. पाटीवर 'मेंदू व मज्जासंस्था शल्यचिकित्सक' असं लांबलचक लिहिलं आहे, पण त्यांचा खरा जीव हाडावर. कवटीच्या हाडात क्वचित कोणाला गाठ होते. लाखात एखाद्याला. बहुतेक गाठी साध्या असतात, हळूहळू वाढतात, दुखत नाहीत. काही मात्र साध्या नसतात, आणि वरून हात लावून दोन्ही सारख्याच लागतात. या गाठी शोधायच्या आणि काढायच्या, हे डॉक्टरांचं वेड. "मेंदू मऊ असते न गुरुजी, म्हणून त्याचे सगळेच लाड करतात," ते मला म्हणतात. "हाडाले कोण विचारते? बिचारं दुखत नाई, म्हणून कोणी येत नाई. कोणी येत नाई, म्हणून ते वाढते."

मी गुरुजी. चंद्रपुरातल्या एका शाळेत मराठी शिकवतो. डॉक्टरांच्या आणि माझ्या घरामधली भिंत एकच आहे. आम्ही राहायला आलो त्या दिवशी मी डोक्यावर गादी घेऊन जिना चढत होतो. डॉक्टरांनी गादी बाजूला करायला लावली, माझं डोकं चाचपलं आणि म्हणाले, "गाठ नाई. पण आत काळजी लय भरली हाये. ते काढता येत नाई मले."

त्यांचं निदान बरोबर होतं. मला अपराधी वाटायला कारण लागत नाही. वर्गातला मुलगा नापास झाला की मी शिकवण्यात कमी पडलो असं वाटतं. बायकोला सर्दी झाली की पंखा मीच जोरात लावला होता असं आठवतं. शेजारी दूध उतू गेलं तरी मी जरा वास घ्यायला हवा होता असं वाटून जातं. डॉक्टरांना हे कळल्यावर त्यांनी माझा पुरेपूर उपयोग करून घेतला. त्यांची गाडी बंद पडली की ते गेटातून ओरडतात, "गुरुजी, तुमचीच चूक हाये, चला धक्का माराले!" आणि मी खरोखरच चपला घालतो.

डॉक्टरांच्या डोक्यावर केस जवळजवळ नाहीत. तरी शहरातल्या एकूण एक सलूनमध्ये ते गिऱ्हाईक आहेत. रविवारी सकाळी निघतात, एका दुकानात दाढी, दुसऱ्यात मालिश, तिसऱ्यात नुसता चहा. "डोकं कोण पाहते गुरुजी? बायको पाहत नाई, माय पाहत नाई. केस कापणारा पाहते." कंगवा कुठं अडकला, वस्तरा कुठं उडाला, हे न्हावी डॉक्टरांना सांगतो आणि डॉक्टर त्या गिऱ्हाइकाच्या मागे लागतात. एकदा एका वकिलांना त्यांनी कोर्टाच्या आवारात गाठलं. वकीलसाहेबांना वाटलं, नवीन अशील आला. त्यांनी खुर्ची दिली. डॉक्टर त्यांच्या मागे जाऊन उभे राहिले.

मोहर्लीच्या जंगलातली गोष्ट तर मी स्वतः पाहिलेली आहे. शाळेला सुट्या होत्या, डॉक्टर म्हणाले चला वाघ पाहू. उघड्या जिप्सीतून पहाटे आत गेलो. पाणवठ्यापाशी वाघीण निघाली. गाडीतले सगळे श्वास रोखून उभे.  डॉक्टर मात्र वाघिणीकडे पाठ करून गाइडच्या टोपीकडे पाहत होते.

"सर, वाघीन!" गाइड कुजबुजला.

"वाघीन उद्या बी दिसन. तुही टोपी डाव्या अंगाले काऊन चढून हाये?"

"तशीच बसते सर. समोर पाहा न!"

"कवापासून तशी बसते?"

वाघीण पाणी पिऊन निघून गेली. डॉक्टरांनी तिचं शेपूटसुद्धा पाहिलं नाही. परतीच्या रस्त्यावर गाडी थांबवून त्यांनी गाइडची टोपी काढायला लावली. कपाळाच्या वर, केसांच्या आत, हाडाचा चांगला टणक उंचवटा होता. नंतर तो काढला. आज त्या गाइडची टोपी सरळ बसते आणि तो पर्यटकांना वाघांसोबत या डॉक्टरांचीही गोष्ट सांगतो. त्याच्या गोष्टीत वाघीण बरीच जवळ आलेली असते.

टोपी, हेल्मेट, फेटा, चष्म्याची काडी, केसांतला भांग. या गोष्टी माणसाच्याही आधी गाठीला ओळखतात, असं डॉक्टरांचं म्हणणं. माणूस गाठ लपवत नाही, तिच्याशी जुळवून घेतो. म्हणून त्यांच्या तपासणीच्या खोलीत इतर डॉक्टरांकडे दिसणार नाहीत अशा वस्तू आहेत. एक घमेलं, एक हंडा, दोन-तीन चुंबळी, कारखान्याचं पिवळं हेल्मेट आणि लग्नातल्या मुंडावळ्या. कुठं दुखतं हे ते विचारतच नाहीत. "बाई, पाणी कशा आणता? आणून दाखवा." आणि ती बाई चुंबळ ठेवून, हंडा डोक्यावर घेऊन त्या खोलीत इकडून तिकडे फिरते. बाहेर बसलेल्या पेशंटना दारातून हे दिसतं. एकदा नागपूरहून आलेले एक गृहस्थ ते पाहून उठूनच गेले होते.

गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यातला एक कामगार हेल्मेट घट्ट होतं म्हणून आला होता. डॉक्टरांनी त्याला समजावलं की गाठीसकट हाडाचा तुकडा काढायचा, आणि खड्डा राहू नये म्हणून तिथं सिमेंट भरायचं. हाडाचं वेगळं सिमेंट असतं. मी तिथंच बसलो होतो.

"कोणत्या कंपनीचं?" कामगारानं विचारलं.

"तुह्या कंपनीचं नोहे."

"मंग काय कामाचं?"

"अबे, डोक्यात भराचं हाये. घर नाई बांधाचं."

त्यानं स्वतःच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला. मग जरा पुढे वाकून म्हणाला, "पाणी मारता का पण? पाणी नाई मारलं त तडे जातात."

डॉक्टरांचा चेहरा फुलला. "मारतो न! घट्ट होतानी ते गरम होते. वरून सलाइन सोडत राहतो, थंड होईपर्यंत."

"मंग ठीक हाये," कामगार म्हणाला आणि सही करायला पेन मागितला.

असा हा माणूस. लग्न केलं नाही. स्वयंपाकाला बाई येते, पण चव लागत नाही म्हणून रात्री आमच्याकडून भाजी मागून नेतात आणि वर माझ्या बायकोला सांगतात, "वैनी, मीठ कमी हाये, गुरुजीची चूक असन." दोन जिल्ह्यांतली इतकी डोकी त्यांच्या हाताखालून गेली, की रस्त्यानं चालताना लोक आपण होऊन टोपी काढतात.

एका डोक्याला मात्र त्यांनी कधी हात लावला नव्हता. हे मला फार उशिरा कळलं.

डॉक्टरांचं गाव नागभीडच्या पलीकडे. तिथं त्यांचे वडील डोमाजी एकटे राहतात. धानाची थोडी शेती. दर वर्षी हलकं, म्हणजे लवकर पिकणारं धान निघालं की नवे तांदूळ आणायला डॉक्टर जातात आणि मला सोबत नेतात. "तुमी चाला गुरुजी. तुमी असले की बाबा बोलतात."

मला आधी ही चेष्टाच वाटली. तिथं गेल्यावर उलगडा झाला. मुलगा डॉक्टर झाला त्या दिवसापासून डोमाजी त्याला 'डॉक्टरसाहेब' म्हणतात. तो आला की उठून उभे राहतात. त्याच्यासाठी घरात एक खुर्ची आहे, तिच्यावर धुतलेला टॉवेल अंथरलेला असतो, दुसरं कोणी तीत बसत नाही. डॉक्टर एकदा चुलीपाशी जमिनीवर बसले, तर म्हातारा कासावीस झाला. "तिथी नका बसू जी. लोकं येतीन, काय म्हणतीन?" आधी डॉक्टरसाहेबांनी जेवायचं, मग डोमाजींनी. माझ्याशी मात्र म्हातारा पोटभर गप्पा मारतो. पाऊस, कीड, रानडुकरं, शाळेचे मास्तर. डॉक्टर खुर्चीत बसून ऐकतात.

"पाह्यलं न गुरुजी," ते परतताना म्हणायचे, "माह्या बापाच्या घरी मी पाहुणा हावो." आणि हसायचे. मीही हसायचो. हसायला नको होतं, असं नंतर वाटलं.

एका वर्षी आम्ही गेलो तेव्हा पौर्णिमा होती. सकाळी विहारात वंदनेला गेलो. डोमाजींची जागा पहिल्या ओळीत, हे सगळ्या गावाला माहीत. त्या दिवशी ते सर्वांत मागे, भिंतीजवळ बसले होते. डॉक्टर पुढे जाऊन बसले. मला पाय धुवायला वेळ लागला, म्हणून मी मागून आलो आणि भिंत आणि डोमाजी यांच्यामध्ये जी थोडी जागा होती तीत कसाबसा मावलो. वंदना सुरू झाली. डोमाजींनी डोक्याचा दुपट्टा सोडून मांडीवर ठेवला. माझ्या अगदी नाकासमोर, त्यांच्या उजव्या कानाच्या वर, अर्ध्या लिंबाएवढा उंचवटा होता. त्यावरची कातडी ताणून चकचकीत झाली होती. माझं वंदनेतलं लक्ष उडालं.

बाहेर पडताना म्हाताऱ्यानं माझा दंड धरला. "तुमी पाह्यलं, गुरुजी."

"हो."

"डॉक्टरसाहेबाले सांगू नका."

मी मान हलवली. जेवण झालं, तांदळाचं पोतं गाडीत पडलं, आम्ही निघालो. मी खिडकीबाहेर पाहत बसलो. न सांगावं तर गाठीचा अपराधी, सांगावं तर म्हाताऱ्याचा. सिंदेवाही येईपर्यंत मी कसाबसा दम काढला.

"बाबांच्या डोक्यावर गाठ आहे," मी म्हणालो.

डॉक्टरांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. इंजिन बंद केलं. मला वाटलं आता काहीतरी गमतीचं बोलतील.

"कुठी?"

मी माझ्याच डोक्यावर जागा दाखवली.

"कडा कशा हायेत? हलते का?"

"मी फक्त पाहिली हो."

"मी त पाह्यली बी नाई," डॉक्टर म्हणाले. "मले वाटे, थंडीसाठी बांधतात दुपट्टा." आणि त्यांनी गाडी वळवली.

दुपारचं ऊन कलत होतं. जड धानाची कापणी चालू होती. बांध्यांतून, म्हणजे धानाच्या वाफ्यांतून, बायामाणसं डोक्यावर भारे घेऊन खळ्याकडे येत होती. डोमाजी खळ्यावर उभे राहून भारे रचून घेत होते. आम्हाला पाहताच त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं. मी बाजूला फिरणाऱ्या एका कोंबडीकडे बघितलं.

"गुरुजीनं सांगतलं वाटते."

"गुरुजीच्या पोटात काही राहत नाई," डॉक्टर म्हणाले. "बाबा, दुपट्टा सोडा."

"काही नाई जी डॉक्टरसाहेब. गाठ नोहे ते. घट्टा हाये. भारे वाहून वाहून पडला."

"पाहू त द्या."

"तुमी नागपूरले शिकाले होते, तवा दुसऱ्यायच्या बांध्यायचे भारे बी आणले मी. तवाचा हाये तो." म्हातारा जरा ताठ झाला. "तुमची डिग्री तिथी टांगून हाये दवाखान्यात. माही हे. याले हात लावाचा नाई."

  डॉक्टरांचा हात सवयीनं पुढे झाला होता. डोमाजी एक पाऊल मागे सरले.

"नाई जी. बापानं पोराच्या डोक्यावर हात ठेवाचा असते. पोरगा बापाच्या नाई ठेवत. जगात उलटं नाई कराचं काही."

एवढी वर्षं मी ज्या हाताची थट्टा केली तो तसाच हवेत राहिला, मग खाली गेला. डॉक्टर चालत खळ्याच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि बैलांपाशी उभे राहिले. मला वाटलं, झालं, आता परत जायचं. पण ते वळले तेव्हा हात पाठीमागे बांधलेले होते आणि चेहरा दवाखान्यातला होता.

"बरं बाबा. घट्टा त घट्टा. मले एक भारा उचलून दाखवा. लहान पाहून."

"आता?"

"आता. पाहू कसे वाहत होते ते."

अशी फर्माईश डोमाजींना कोणी कधी केली नसेल. त्यांना ती आवडली. त्यांनी दुपट्टा सोडला, पीळ दिला, गोल चुंबळ केली आणि टाळूवर ठेवली. डोकं आता उघडं होतं. खळ्यावरच्या बाया हातातलं काम टाकून पाहायला लागल्या. एका बाईनं भाऱ्याला हात लावला आणि तो वर चढला. म्हातारा भारा घेऊन सरळ उभा राहिला, हात सोडून.

डॉक्टर चार हात अंतर ठेवून त्यांच्याभोवती फिरले. हात पाठीमागेच.

"कुठी टेकला भारा, बाबा?"

"टाळूवर."

"कानावर टेकते का?"

"कानावर कसा टेकन जी?"

"मंग भारा टाळूवर न घट्टा कानावर, हे कसं झालं?"

 डोमाजी भारा घेऊन तसेच उभे.

"खरं म्हणून राह्यला न तो," भारा चढवणारी बाई म्हणाली.

"आधी खाली घेऊ द्या," डोमाजी म्हणाले. "वझं असलं की विचार होत नाई."

भारा उतरवला. म्हाताऱ्यानं दोन बोटांनी टाळू चाचपली, मग कानावरचा उंचवटा, मग पुन्हा टाळू. बराच वेळ त्यांची बोटं अशी जात-येत होती. आपल्या डोक्यावर नेमकं काय आहे हे त्यांना आताच कळत होतं. शेवटी म्हणाले, "गुरुजी पाहतीन. डॉक्टरसाहेब नाई."

असं त्या दिवशी दोन जिल्ह्यांतल्या नामांकित कवटीवाल्यासमोर एका मराठीच्या मास्तरानं गाठ तपासली. डोमाजी खाटेवर बसले. मी त्यांच्यामागे. डॉक्टर अंगणाच्या पार पलीकडे त्या टॉवेलच्या खुर्चीत.

"डोळे मिटू नका, गुरुजी. कातडी वरून सरकते?"

"सरकते."

"गाठ हलते?"

"नाही. दगडासारखी आहे."

"दाबा. बाबा, दुखते?"

"गुरुजीचा हात थंडा हाये," डोमाजी म्हणाले. "बाकी काही नाई."

"कडेला बोट घाला. कडा समजते, का हाडात मिळून जाते?"

"मिळून जाते... असं वाटतं."

"वाटते नोहे! समजते का नाई?"

इतका ओरडा मी माझ्या शाळेत कधी खाल्ला नव्हता. म्हातारा खाली मान घालून हसत होता. मुलाचा हात लागला नव्हता, तरी तपासणी झाली होती. शेवटी डॉक्टर म्हणाले, "फोटो काढावा लागन, बाबा. मशीनमधी."

"मशीन चालन," डोमाजी म्हणाले. "मशीन कोणाचं पोरगं नोहे."

चंद्रपूरला आणून फोटो काढले. संध्याकाळी डॉक्टर ते घेऊन आमच्या स्वयंपाकघरात आले आणि दिव्यासमोर धरून उभे राहिले. मला त्यातलं काय कळणार? हाडाच्या एका जागी आतून बाहेर रेघा गेल्या होत्या, लहान पोरं सूर्य काढतात तशा.

"काय आहे?" मी विचारलं.

"साधी असू शकते. रक्ताच्या बारीक नळ्यायची गाठ, हाडात झालेली. काढली की संपलं." ते थांबले. "नसू बी शकते साधी. या वयात दुसरीकडचा रोग हाडात उतरते. तुकडा काढून तपासल्याशिवाय समजत नाई." मग फोटो टेबलावर ठेवून म्हणाले, "दुसऱ्याच्या बापाच्या फोटोत मी एका मिनिटात सांगतो, गुरुजी. याच्यात मले नुसता बापच दिसते."

माझ्या बायकोनं त्यांच्यापुढे ताट ठेवलं. ते जेवले आणि मिठाबद्दल काही बोलले नाहीत. ती काळजी आम्हा दोघांना रात्रभर पुरली.

ऑपरेशन त्यांनी स्वतः केलं नाही. नागपूरहून त्यांच्या वर्गातल्या भोयर मॅडम आल्या. त्याही याच कामातल्या. ऑपरेशनच्या खोलीत जाण्याआधी डोमाजींनी भोयर मॅडमना हात जोडले आणि म्हणाले, "बाई, डॉक्टरसाहेबाले काही खाले द्या जी. सकाळपासून उपाशी हायेत." मग दार बंद झालं आणि डॉक्टर माझ्या शेजारी बाकावर येऊन बसले.

तिथून पुढचे काही तास मी जे पाहिलं ते मला कोणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. ज्या माणसानं आयुष्यभर त्या दारातून आत-बाहेर केलं, तो बाहेर बसलेल्या कोणत्याही नातेवाइकासारखा झाला. पाणी प्यायला, पुन्हा पाणी प्यायला. आत ट्रे घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला विचारलं, "काय म्हणतात?" घड्याळ बंद आहे का ते मला पाहायला लावलं. दोनदा दारापर्यंत गेले. दुसऱ्या वेळी गेडाम सिस्टर बाहेर आल्या आणि त्यांनी दारावरच्या पाटीकडे बोट दाखवलं.

"सर, लाल रेषेच्या आत नातेवाइकायले मनाई हाये."

"मी हावो, सिस्टर."

"तुमी आज नातेवाईक हा. बसा तिकडे."

ते परत येऊन बसले. "बरोबर हाये तिचं," मला म्हणाले. "मीच लिवली ते पाटी."

भोयर मॅडम बाहेर आल्या. मास्क खाली करून सावकाश, सोप्या शब्दांत सांगू लागल्या. हाडाचा तुकडा गाठीसकट एकसंध निघाला. मेंदूवरचं आवरण स्वच्छ आहे. रक्त फार गेलं नाही. खड्डा सिमेंटनं भरला. तुकडा तपासायला पाठवला. डॉक्टर तोंड उघडं ठेवून, एकेका वाक्याला मान हलवत, हे सगळं जणू जन्मात पहिल्यांदा ऐकत होते.

त्या थांबल्यावर म्हणाले, "मंजे... चांगलं झालं न?"

"चांगलं झालं," मॅडम म्हणाल्या. "आता जेव."

रिपोर्टला दिवस लागतात. तोवर डोमाजी वॉर्डातच होते. वेगळी खोली त्यांनी घेतली नाही. "सगळ्यायमधी टाका जी. बोलाले माणूस पाहिजे." डोक्याला मोठं पांढरं बँडेज बांधून ते शेजारच्या पेशंटशी रानडुकरांवर बोलत बसायचे. डॉक्टर येऊन पायथ्याशी उभे राहायचे. डोमाजी लगेच उठून बसू पाहायचे. "पडून राहा बाबा." "नाई जी, बरं हाये." एवढंच. ड्रेसिंग भोयर मॅडमच्या सांगण्यावरून दुसरा डॉक्टर करायचा. त्या दिवसांत डॉक्टरांनी कोणाच्या डोक्याला हात लावला नाही. चौकातल्या सलूनवाल्यानं मला थांबवून विचारलं, "साहेब बाहेरगावी गेले का जी?"

मग एके दिवशी सकाळी भिंतीवर थाप पडली. मी धावत गॅलरीत गेलो. पलीकडे डॉक्टर बनियनवर उभे होते. "साधी हाये," एवढं म्हणून ते आत गेले. मी बायकोला सांगायला गेलो आणि सांगताना मला रडू आलं.

दुपारी मी डबा घेऊन वॉर्डात गेलो. ऊन कडक होतं, पंखे फिरत होते, बरेच पेशंट झोपलेले. डोमाजी मात्र उशीला टेकून जागे होते. मला पाहून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि खाली खूण केली.

मी वाकून पाहिलं. कॉटखाली, पेशंटचे नातेवाईक झोपतात तसे, सतरंजीवर दहिवले डॉक्टर झोपले होते. हात उशाला. चष्मा काढून छातीवर ठेवलेला. तोंड उघडं.

"मगाशी आले," डोमाजी हळूच म्हणाले. "रिपोर्टचं सांगतलं. सांगता सांगता खालीच बसले. मंग..." त्यांनी मान हलवली.

तेवढ्यात वॉर्डाच्या दारात एक माणूस आला. हातात एक्स-रेचं पाकीट, मागे डोक्यावर पदर घेतलेली बायको. दुरून आलेला दिसत होता. त्यानं आत डोकावून विचारलं, "दहिवले डॉक्टर इथी हायेत का जी? तिकडं म्हणाले, वॉर्डात गेले."

मी तोंड उघडलं. पण डोमाजी आधी बोलले.

"डॉक्टर नाईत इथी. घंट्याभरानं या, बाप्पा." मग जरा थांबून, आवाज आणखी खाली आणून म्हणाले, "हळू बोला. माहा पोरगा झोपला हाये."

त्यांनी अंगावरचं पांघरूण एका बाजूनं ओढलं आणि कॉटच्या कडेवरून जमिनीपर्यंत खाली सोडलं. आतलं सगळं झाकलं गेलं. फक्त पायांचे तळवे बाहेर राहिले. मी डब्याची पिशवी त्यांच्यापुढे ठेवली आणि तिथंच उभा राहिलो.